सोमवारी म्युझियम बंद असतं

इटलीला जायचं ठरलं की आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीतले लोक हल्ली सल्ला विचारायला माझ्याकडं येतात. मी त्यांना पहिल्यांदा सांगते ते सोमवारचं. मग बूट. नवे कोरे बूट विमानात घालून जाऊ नका, महिनाभर आधी रंकाळ्यावर चालून ते मऊ करा. गावागावांत धावणाऱ्या साध्या गाडीचं कागदी तिकीट काढलंत तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या. रोममध्ये पाणी विकत घेऊ नका, रस्त्यातल्या नळाचं पाणी गार आणि चांगलं असतं. पण सोमवार पहिला.

आम्ही दोघी गेलो होतो. मी विमा कार्यालयातून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. माझी मैत्रीण आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. जैन घरातली, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. तिच्या यजमानांचा शिरोलीला छोटा कारखाना आहे, त्यांना सवड नाही. शाळेत असताना फ्लॉरेन्समधल्या एका चित्राचं, समुद्रात शिंपल्यावर उभ्या असलेल्या देवीचं, पुस्तकातलं छापील पान ती दरवर्षी मुलांपुढं धरायची. ते चित्र तिला प्रत्यक्ष बघायचं होतं. मला मात्र व्हेनिसला जाऊन होडीत बसायचं होतं.

"काकू, टूरवाल्यांबरोबर जावा की," तिचा मुलगा मला म्हणाला. "तिकडं चुकलासा तर कुणाला विचारणार?"

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "टूरवाले धा मिंटं देत्यात. मला त्या चित्रापुढं बसायचंय. पाय दुखंस्तवर बसायचंय. आमचं आम्ही जाणार."

रोमचे दिवस छान गेले. रविवारी सकाळी फ्लॉरेन्सची गाडी होती आणि त्याच दुपारचं म्युझियमचं तिकीट आम्ही घरूनच काढलं होतं. स्टेशनवर गेलो तर फलकावर आमच्या गाडीपुढं लाल अक्षरं. शेजारच्या बाकावर बसलेल्या एका आजीबाईंना मी तिकीट दाखवलं. त्यांनी दोन्ही हात छातीवर बांधले आणि मान हलवली. संप होता.

"हितंबी संप!" मैत्रीण म्हणाली आणि हसायला लागली. पण दुपार टळली तसं तिचं हसू गेलं.

मिळेल ती गाडी पकडून आम्ही फ्लॉरेन्सला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. तशाच बॅगा ओढत म्युझियमच्या दारात गेलो. पहारेकरी दार लावत होता. "उद्या?" मी विचारलं. "सोमवार. बंद," तो म्हणाला. आणि मंगळवारी सकाळी आमची व्हेनिसची गाडी होती.

त्या संध्याकाळी मैत्रीण नीट जेवली नाही. सकाळी उठल्यावर मात्र एकदम नेहमीसारखी बोलायला लागली. "जाऊ दे गं. गाव तर बघितलं. उद्या व्हेनिसला जाऊ. तुला होडीत बसायचंय की."

"तू कशाला आलीयास इतक्या लांब?"

"ऱ्हाऊ दे म्हणतोय न्हवं मी!"

तिचा आवाज चढला. आमच्याकडच्या बायका चिडल्या की अशाच पुरुषासारखं 'मी म्हणतोय' म्हणतात. मी पाव आणायला जाते म्हणून बाहेर पडले आणि सरळ स्टेशनवर गेले. व्हेनिसला जायला जीव आसुसला होता, खोटं कशाला सांगू. रांगेत उभी असताना दोनदा वाटलं, परत फिरावं. पण तिच्या घरच्यांपुढं "आमचं आम्ही जाणार" म्हणताना तिचा जो चेहरा झाला होता तो आठवला, आणि मी खिडकीतल्या बाईंना म्हणाले, व्हेनिस नको. रोमची परतीची गाडी तेवढी द्या, बुधवारची.

पाव घेऊन परत आले आणि तिला सांगितलं. ती पलंगावर बसली. म्हणाली, "विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

आमची खोली मंगळवारपासून दुसऱ्यांना दिलेली होती. मालकिणीनंच जवळच्या एका मठात फोन केला. तिथल्या नन प्रवाशांना खोल्या देतात. पांढऱ्या कपड्यातल्या म्हाताऱ्या ननना बघून मैत्रीण हळूच म्हणाली, "आमच्या माताजींसारख्याच हायत की गं," आणि वाकून नमस्कार करून मोकळी झाली. जैन साध्वींना ती माताजी म्हणते.

मंगळवारी आम्ही दार उघडण्याआधीच रांगेत होतो. ते चित्र मोठ्या दालनात होतं. ती आधी लांब उभी राहिली. मग जवळ गेली, मग पुन्हा मागं आली. मी बाकावर बसले. छत्र्या उंचावलेले वाटाडे आपापली माणसं घेऊन येत होते, फोटो काढून जात होते. ती हलली नाही. शेवटी माझ्याकडं वळली तेव्हा चक्क रागावलेली होती.

"हे निळं न्हाय गं!"

"काय निळं नाही?"

"समुद्र. इतकी वर्षं पोरांना निळा म्हणून सांगत आले. हिरवट हाय. पुस्तकवाल्यांनी रंग चुकवलाय." मग डोळे पुसले आणि पुन्हा चित्राकडं वळली. मला वाटलं होतं, व्हेनिसचं वाईट वाटत राहील. वाटलंही थोडं. पण बाकावरून उठावंसं मात्र वाटलं नाही.

संध्याकाळी बाहेर पडलो तेव्हा दोघींनाही सपाटून भूक लागली होती. पण तिथल्या खाणावळी रात्रीच्या जेवणाला सात-साडेसातशिवाय उघडत नाहीत, आणि ती दिवस मावळल्यावर जेवत नाही. नशीब, उन्हाळ्यात तिकडं त्या वेळेलाही लख्ख ऊन असतं. वेटरला कांदा, लसूण, बटाटा कसा समजावायचा ते मला सुचेना. तिनं पेन मागून घेतलं, कागदी रुमालावर तिन्हींची चित्रं काढली आणि प्रत्येकावर फुली मारली. कांद्याला मुळ्यासुद्धा काढल्या होत्या. वेटर तो रुमाल घेऊन आत गेला. आतून मोठ्यानं हसणं ऐकू आलं आणि थोड्या वेळानं टोमॅटो घातलेल्या शेवयांसारख्या पास्त्याच्या दोन वाफाळत्या ताटल्या आल्या.

"रुमाल परत माग की," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे त्यांच्याकडं," ती म्हणाली आणि जेवायला लागली.