कुडाबाहेर कोण होतं?

लग्नाच्या व्हिडिओत सगळं दिसावं लागतं. आहेर देणारा प्रत्येक चेहरा, नवरीच्या हातावरची मेंदी, जेवणाच्या पंगतीत बसलेले काका. कुणाची आत्या सुटली तर दुसऱ्या दिवशी फोन येतो. डहाणूत राहत्या घराच्या एका खोलीत बसून मी बरीच वर्षं असले व्हिडिओ एडिट करते आहे. शूटिंग करतो माझा मित्र. तो चिंचणीचा. घरची होडी भावाकडे, आणि हा तारापूरच्या कारखान्यात नोकरी सांभाळून सुट्टीला लग्नं पकडतो.

दिवाळी संपून तुळशीची लग्नं लागेपर्यंत आमच्याकडे काम नसतं. एका वर्षी त्या मोकळ्या दिवसांत आम्हाला थरारपटांचं वेड लागलं. नुसतं बघण्याचं नाही, सोलून बघण्याचं. दचकवणारा प्रसंग आला की मी तो एडिटिंगच्या कॉम्प्युटरवर घ्यायची आणि आम्ही एकेक फ्रेम पुढे सरकवायचो. आवाज बंद करून बघायचो, मग चित्र झाकून नुसता आवाज ऐकायचो. एकदा आवाज बंद करून बघताना तो खुर्चीतून उठलाच.

"अगं, यात काहीच नाहीये! बाई कपाट उघडते, बस. आपण घाबरलो कशाला?"

"कारण कपाट उघडायच्या आधी पंख्याचा आवाज बंद केलाय त्यांनी," मी म्हटलं. "परत ऐक."

परत ऐकलं. खरंच, पंखा हळूहळू विरत गेला होता आणि आम्हाला पत्ताही लागला नव्हता. त्या दिवशी जेवण थंड झालं तरी आमचं बोलणं संपेना. आपणही एक करायचा, हे तिथेच ठरलं. छोटासाच. गोष्ट एका ओळीची: घरात एकटी बाई, आणि घराबाहेर कुणीतरी.

घर डोळ्यांसमोर होतंच. तलासरी तालुक्यातल्या झरीला माझे मामा-मामी राहतात. भाताची थोडी शेती, दोन गाई. पुढची खोली त्यांनी विटांची बांधली आहे, पण मागची अजून जुनी, कारवीच्या काटक्यांच्या कुडाची. लिंपण जागोजागी गळलेलं. आम्ही बघायला गेलो तेव्हा दुपार कलली होती आणि त्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या आत जमिनीवर पडल्या होत्या. मित्र दारातच थांबला. त्याने कॅमेरा काढला नाही, नुसता त्या पट्ट्यांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "इथे दिवे लावायचेच नाहीत."

बाईचं काम मामींनी करायचं ठरलं. आधी त्या लाजल्या. "माझं तोंड काय सिनेमात घालायचं गो?" पण दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, की लुगडं कुठलं नेसू.

शूटिंगच्या दिवशी आम्ही सामान घेऊन पोचलो, तर मामी मागच्या खोलीत कोपरापर्यंत शेणामातीत. अर्धा कुड त्यांनी ताजा लिंपून टाकला होता.

"मामी, थांबा!" मित्र ओरडला.

"अरे, सिनेमात दिसणार ना घर? असं भोकाभोकांचं दाखवू लोकांना?"

त्यांना समजावताना आमच्या नाकी नऊ आले. शेवटी हात धुऊन त्या बाजूला झाल्या, पण फुगून. आम्ही दोघांनी त्या अर्ध्या राहिलेल्या भिंतीकडे बघितलं. एका बाजूला गुळगुळीत अंधार, दुसऱ्या बाजूला उन्हाच्या पट्ट्या. आता वाटतं, मामींनी नकळत आमची फ्रेम रचून दिली होती.

मग खोली रिकामी करायला घेतली. निळा प्लास्टिकचा पिंप बाहेर, देवाचं कॅलेंडर बाहेर, चार्जरची वायर बाहेर. नजर भरकटेल असं काहीच ठेवायचं नव्हतं. राहिली भाताची कणगी, एक सूप, आणि घासून लखलखीत केलेला स्टीलचा हंडा. हा हंडा मित्राने मामींच्या समोर ठेवला आणि कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवला. "ये, बघ," म्हणाला. मी पालथी पडून बघितलं. हंड्याच्या पोटावर मामी दिसत होत्या, वाकड्या, लांबट. आणि त्यांच्या पाठीमागे नखाएवढं उघडं दार. मामी सूप हातात घेऊन तांदूळ पाखडत होत्या, त्यांना दार दिसत नव्हतं. बघणाऱ्याला मात्र दिसत होतं. माझ्या अंगावर काटा आला आणि मी पालथ्या पडल्या पडल्याच टाळी वाजवली.

खरा थरार पुढे होता. मामी पाखडत होत्या, कॅमेरा चालू होता, आणि जमिनीवरची एक पट्टी विझली. मग तिच्या शेजारची. मग तिच्या पुढची. कुडाबाहेरून काहीतरी अगदी सावकाश चाललं होतं आणि एकेक फट बुजत, पुन्हा उघडत होती. मामींचा हात सुपावर तसाच थांबला. त्यांनी मान वळवली नाही, फक्त डोळे वळवले. असा अभिनय मी कुणाला शिकवू शकले नसते.

"कोण आहे?" मामींनी विचारलं.

बाहेरून गाय हंबरली.

आम्ही तिघं इतके हसलो, की मामा शेतावरून धावत आले. पण हसू ओसरल्यावर मित्राने माझा दंड घट्ट धरला. "हेच. हेच पाहिजे आपल्याला." मग गाईच्या जागी मामांना चालवलं. काळं घोंगडं पांघरून ते कुडाच्या कडेने जायचे. घाईने गेले की पट्ट्या नुसत्या लुकलुकायच्या, म्हणून मित्र ओरडायचा, "मामा, हळू! चिखलात चालल्यासारखं!" मामांनाही चेव चढला. आपला चेहरा दिसेल असा एक प्रसंग हवाच, असा त्यांनी हट्ट धरला, म्हणून शेवटी ते अंगणातून येतात, खिडकीतून डोकावतात आणि दारात डोळे वटारतात, असंही घेतलं.

तेवढंच चुकलं. डहाणूला मी सगळं जोडलं आणि आमच्या बिल्डिंगमधल्या शेजारणींना बोलावून टीव्हीवर दाखवलं. पट्ट्या विझल्या तेव्हा खोली गप्प होती. मग दारात घोंगडं दिसलं आणि समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, हे तुझे मामा ना? किती वाळले गं!" झालं. सगळ्या हसायला लागल्या. एकीने आशागडच्या बाजारात मिळणाऱ्या घोंगड्यांचा विषय काढला.

मित्राचं तोंड उतरलं होतं. मी मात्र त्या गेल्यावर परत कॉम्प्युटरपुढे बसले. मला एक गोष्ट स्वच्छ दिसत होती: मी लग्नाचा व्हिडिओ केला होता. आलेल्या प्रत्येक पाहुण्याचा चेहरा दाखवून टाकला होता.

मी मामांना काढलं. आधी दारातले, मग अंगणातले, मग खिडकीतले. मामा कुठेच उरले नाहीत, उरलं फक्त त्यांच्या चालण्याने विझणारं ऊन. मग आवाजाकडे वळले. पाखडण्याचा आवाज मी मामी दिसायच्या आधीच सुरू केला, काळ्या पडद्यावर. आणि पट्ट्या विझायला लागल्यावर बाहेरच्या कोंबड्या, पाखरं, दूरचा ट्रॅक्टर, एकेक करून उतरवत नेलं. आपले हात कीबोर्डवर आहेत हे मी विसरले होते.

शेवट मात्र नव्हता. मामी बाहेर येतात, अंगणात कुणी नाही. पुढे काय? टाकून दिलेल्या क्लिप मी एकेक उघडून बघू लागले. त्यांत माझ्या मोबाइलवरचं एक चित्रण निघालं. मित्राने फोन अंगणातल्या खाटेला टेकवून ठेवला होता आणि तो बंद करायचा राहिला होता. मामी दमून अंगणात उभ्या, पाठ घराकडे, नजर रस्त्याकडे. त्यांच्या मागे घराचं दार सावकाश, अगदी सावकाश लागतं. आतून.

मित्र आत कॅमेरा लावत होता आणि दारातून ऊन येतं म्हणून त्यानेच ते लोटलं होतं. पण हे बघणाऱ्याला कुठे माहीत? मी खुर्चीतून उडी मारली. कडीचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून तिथे बसवला, आणि त्यानंतर लगेच कापलं. मित्राला फोन लावला. तो पाळी संपवून कारखान्याच्या गेटबाहेर पडत होता.

"शेवट सापडला!"

"कुठला?"

"ती बाहेर शोधतेय आणि तो आत आहे!"

 पलीकडे गाड्यांच्या आवाजात तो रस्त्यातच मोठ्याने शीळ घालताना ऐकू आला.

झरीला दाखवायचं ठरलं. दिवेलागणीला मामांच्या अंगणात चादर बांधली, प्रोजेक्टर लावला, पाड्यावरची घरं जमली. कुणी पेंढ्यावर बसलं, कुणी खाटेवर. मामी माझ्या शेजारी. स्वतःला बघताना पहिल्यांदा त्यांनी पदर तोंडावर ओढला, मग तो हळूहळू खाली आला. पट्ट्या विझू लागल्या. एक बाई पुटपुटली, "बाहेर हाय, बाहेर हाय." कुणी हसलं नाही. मामी चादरीवरच्या अंगणात आल्या, पाठ घराकडे. आणि मागे दार लागायला लागलं, तेव्हा सगळं अंगण एका आवाजात ओरडलं, "ओ, मागं बघ!"

कडी वाजली. चादर काळी झाली. माझ्या दंडात नखं रुतली होती. मामींची.

पहिले मामा बोलले. "मी कुठाय?"

"मामा, पट्ट्या विझवता ते तुम्हीच. फक्त दिसत नाही."

मामांना ते तितकंसं पटलं नाही. पण मामींनी मला जवळ ओढलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "आत कोण होतं गो?"

"हा होता की. कॅमेरा लावत होता. त्यानेच दार लोटलं."

"तो नाय. सिनेमात कोण होतं?"

मी मित्राकडे बघितलं. त्याने खांदे उडवले, पण त्याचे डोळे चकाकत होते.

"मला पण माहीत नाही, मामी."

यावर अंगणात वाद पेटला. कुणी म्हणे चोर, कुणी म्हणे तिचा नवराच असणार, एक म्हातारबाबा म्हणाले, कुणीच नव्हतं, दार वाऱ्याने लागलं. मग कडी कशी वाजली, यावर सगळे त्यांच्यावर तुटून पडले. मित्र प्रत्येकाचं ऐकायला इकडून तिकडे फिरत होता, आणि मी खाटेवर बसून नुसती हसत होते.

शेवटी मामा म्हणाले, "चला, जेवायला आत." चुलीजवळ भाकऱ्या झाकून ठेवल्या होत्या. सगळे उठले, उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले. आत अंधार होता. मामांनी मला पुढे व्हायची खूण केली. मी मित्राकडे बघितलं, मित्राने मामांकडे.

मामींनी आमच्या मधून वाट काढली, हात आत घालून दिव्याचं बटण दाबलं आणि मागे न बघता म्हणाल्या, "या आता. किती जण जेवणार, ते सांगा."