खडखडकाकूंचे आठ माग

गल्लीत बातमी अशी पसरली की खडखडकाकूंनी तपासणीला आलेल्या सरकारी साहेबाला मागांच्या शेडमध्ये कोंडलं आणि कात्री दाखवून त्याच्याकडून सही करवून घेतली. साफ खोटं. कोंडणारा माणूस बाहेर असतो. काकू आतच होत्या. दाराला कडी त्यांनी घातली, हे खरं. कात्रीही होती, पण ती धागे कापायला त्यांच्या कमरेला कायमच असते. आणि सही साहेबाने नाही, काकूंनी केली. करताना चेहरा असा, जणू कुणी अक्कलदाढ उपटतंय.

टॉवेल विणणाऱ्या मागांच्या गोंगाटात तीस वर्षं बोलून काकूंचा आवाज असा झालाय, की त्या गुपित सांगायला लागल्या की कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा हातात धरून दुकानाबाहेर येतो. काकांना ऐकू कमी येतं. ते म्हणतात, मागांमुळे. आम्ही शेजारी काही म्हणत नाही.

काकूंचं तसं कुणाशीच फारसं पटत नाही, पण धाकट्या दिराशी भांडायला त्या खास वेळ राखून ठेवतात. शेड पूर्वी दोघांची मिळून होती. चार वर्षांपूर्वी दिराने आपल्या वाट्याचे माग भंगारात काढले, मधे भिंत घातली आणि रस्त्याकडच्या भागात दुकान थाटलं. माल कुठला? तर परदेशातून गठ्ठ्यांनी येणारे टॉवेल. गुबगुबीत, रंगीत, आणि काकूंना ज्या भावात नुसतं सूत मिळत नाही त्या भावात तयार.

"दोन धुण्यांत टक्कल पडतं असल्या टॉवेलांना!" काकू भिंतीकडे तोंड करून म्हणायच्या.

"तिसऱ्या धुण्याला गिऱ्हाईक नवा नेतं, वहिनी!" भिंतीपलीकडून उत्तर यायचं.

ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबायचं. हळूहळू काकूंच्या आठ मागांपैकी पाच बंद पडले.

पण हे कुणाला कळायला नको. विणणाऱ्यांच्या धंद्यात बंद माग परक्याला दाखवत नाहीत. बंद माग दिसला की सूतवाला उधारीला हात आखडतो, कारागीर दुसरीकडे चौकशी करतो आणि नातेवाईक सांत्वनाला येतात. हे शेवटचं सगळ्यात वाईट. म्हणून उंबऱ्यावर पाऊल वाजलं की असतील नसतील तेवढे माग चालू करायचे. काकूंच्या हाताला ही सवय इतकी जडली होती, की पोस्टमन आला तरी आठही माग धडधडायचे.

त्यात विणकर संघाने सरकारकडे अर्ज केला. बाहेरचा माल एकदम वाढलाय, त्याने इथले कारखाने बुडतायत, तेव्हा सावरेपर्यंत काही वर्षं त्या मालावर जादा कर लावा. सरकार म्हणालं, बुडताय ते दाखवा. बारा शेडनी अर्ज केला होता. पाहणीसाठी नमुना म्हणून एकच निवडली गेली. काकूंची.

संघाचा चिटणीस आदल्या दिवशी फाइल छातीशी धरून आला. "काकू, बंद आहेत ते बंदच दिसू देत. चालू आहेत ते चालू. बाकी काही करू नका."

"मला शिकवू नकोस! तू लंगोटात होतास तेव्हापासून माग चालवतेय."

"म्हणूनच सांगतोय," चिटणीस पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन माग चालू होते, पाच गप्प. काकू दात आवळून स्टुलावर बसल्या होत्या. साहेबाची गाडी वळणावर दिसली, तेवढ्यात दीर दारात हजर. पाहणीच्या वेळी आयात माल विकणाऱ्यांचाही एक माणूस लागतो, आणि तो मान त्याने आपण होऊन घेतला होता.

"काय वहिनी, आज इतकी शांतता? भिंतीपलीकडून मला तीनच ऐकू येतात हो हल्ली. बाकीचे झोपलेत की गेले?"

संपलं. काकू ताडकन उठल्या आणि भिंतीवरची पाच बटणं एकामागोमाग एक दाबत गेल्या.

"काकू, धोट्यांत कांड्याच नाहीत!" कारागीर ओरडला. उभे धागे मागावर होते, पण आडवा धागा ज्या कांडीवर गुंडाळलेला असतो, ती तो धागा विणत नेणाऱ्या धोट्यात घातलेलीच नव्हती.

"नसू देत!"

पाचही धोटे रिकामे इकडून तिकडे धावायला लागले. जमीन हादरायला लागली. साहेब आत आला, कानांत बोटं घातली आणि मागांकडे बघून आठपर्यंत मोजलं.

"सगळे चालू?" तो ओरडला.

"सगळे!" काकू ओरडल्या.

चिटणीस मागे उभा राहून दोन्ही हात हलवत होता. साहेबाला वाटलं, माशा फार आहेत.

पाच मिनिटांत पाहणी संपली. दारापाशी येऊन साहेबाने टिपण वाचून दाखवलं, "आठपैकी आठ माग चालू. नुकसान दिसून येत नाही."

"अगदी बरोबर," दीर म्हणाला. "धंदा जोरात आहे वहिनींचा. आम्हालाच उगाच बदनाम करतात."

चिटणीस भिंतीला टेकला. "काकू, बारा शेडचं वाटोळं केलंत," एवढंच म्हणाला, तेही हळू. काकूंनी ते ऐकलं. बारा शेडमधली माणसं त्यांना ओळखीची होती. अर्ध्यांशी तर भांडण होतं.

साहेब गाडीकडे जायला वळला आणि काकूंनी दाराला आतून कडी घातली, ती तेव्हा.

"थांबा," काकू म्हणाल्या. साहेबाचं मनगट धरून त्याला त्यांनी चौथ्या मागापाशी नेलं, खडू काढून कापडाच्या कडेला रेघ मारली. "ही रेघ बघत राहा."

साहेब बघत राहिला. धोटा धावत होता, फणी आपटत होती, रेघ जागची हलेना. कापड एक दोरासुद्धा वाढलं नाही.

काकूंनी एकेक बटण बंद केलं. पाच माग थांबले.

"म्हणजे मघाशी तुम्ही मला फसवत होतात?" साहेबाचा आवाज कोरडा होता.

"तुम्हाला कशाला? तुम्ही कोण माझे?" काकूंनी दिराकडे बोट केलं. "ह्यांना."

"मग तसं लिहून द्या. पाच माग बंद आहेत, आज दिखाव्यासाठी फिरवले. खाली सही. आणि सांगून ठेवतो, हे कागद उघड असतात. सूतवाला वाचेल, तुमचे कारागीर वाचतील."

काकूंनी कागद हातात घेतला. मागाच्या चौकटीवर ठेवून साहेबाने सांगितलं तसं लिहिलं आणि खाली सही केली, इतकी दाबून की पेन आरपार गेलं. साहेबाने जुनं टिपण खोडलं आणि नवा कागद फाइलला लावला. कर लागेल की नाही ते वरचे ठरवणार होते, पण बारा शेडचा अर्ज जिवंत राहिला.

दिराने कडी काढली आणि उंबऱ्यावर थांबून, रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "चला, आता सगळ्यांना कळेल की आमच्या वहिनींचे पाच माग बंद आहेत."

"कळू द्या की," काकू म्हणाल्या. "बंद का असेनात, माग माझे आहेत. तुम्ही स्वतःच्या हाताने केलेली एक वस्तू तुमच्या दुकानात दाखवा, भावोजी."