वेताची खुर्ची

रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात, आमच्या शेजारच्या मावशी ख्रिस्ती. दर रविवारी संध्याकाळी प्रार्थनेसाठी त्या घरातल्या होत्या-नव्हत्या तेवढ्या खुर्च्या पुसून अंगणात मांडायच्या. येणारे दोघं-तिघंच. "एवढ्या कशाला, मावशी?" विचारलं की हसायच्या. "येतील गो. आल्यावर बसायला नको?"

मग त्यांच्या यजमानांचं पनवेलला हृदयाचं ऑपरेशन झालं. मुलगा तिकडे त्यांच्यापाशी होता, पण यजमानांना शुद्ध येईना. त्या रविवारी वाटलं, आज अंगण रिकामंच राहणार. तर मावशींनी सगळ्या खुर्च्या मांडल्या, आणि यजमानांची वेताचीही, उशीसकट.

ते बघून आम्हांला घरात बसवेना. एकेक करत सगळी आळी तिथे जाऊन बसली. मला जागा उरली नाही, म्हणून मी वेताच्या खुर्चीकडे वळले, तर मावशींनी हात धरला. "ती नाय गो. ती यांची हाय. प्रभूला सांगून ठेवलंय मी." आणि स्वतः उभ्या राहून मोठ्याने, बेसूर गायल्या.

महिन्याभराने यजमान त्याच खुर्चीत बसून मावशींपेक्षाही बेसूर गात होते. मावशी मात्र गाणं अर्धवट टाकून माझ्या घरात शिरल्या होत्या. त्यांना आणखी खुर्च्या हव्या होत्या.