मार्थाबाईचा थकवा

मार्थाबाईच्या दानियलचा फोन आला तेव्हा मी नुकतीच धार काढायला बसले होते. "मावशी, माय गेली," एवढंच बोलला. धार तशीच पुरी केली, म्हशीला काय सांगणार... मग गोठ्यातच बसून राहिले.

मार्थाबाई आणि मी लिंबागणेशजवळच्या आमच्या गावात एकाच दूध संस्थेच्या सभासद. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. तिचा नवरा लवकर गेलेला; दानियल आणि दोन म्हशी एवढाच संसार. एका दुष्काळात संस्थेने जनावरांसाठी टँकर आणला. पाण्यासाठी रेटारेटी झाली आणि चेअरमनच्या पुतण्याने, दत्ताने, दानियलच्या तोंडावर लोखंडी बादली हाणली. पोराचा डावा डोळा कायमचा गेला.

दवाखान्यातून मार्थाबाई घरी आली आणि कुऱ्हाड घेऊनच बाहेर पडायला निघाली. दारात गल्ली जमलेली. मी तिला आडवी गेले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि एकाएकी उंबऱ्यावरच बसली, कुऱ्हाड मांडीखाली दाबून. डोळे मिटून पुटपुटू लागली.

"उठ की बाई! काहून बसलीस?" कुणीतरी ओरडलं.

"प्रभूला इचारते," ती म्हणाली. "त्यो हो म्हनला की उठते."

ऊन कललं तरी ती उठली नाही. माणसं कंटाळून पांगली. तक्रार दिली, ती पुढे गावाने मिटवली. त्यानंतर कितीतरी वर्षं दूध घालायच्या रांगेत दत्ता तिच्या मागेपुढे उभा असायचा.

एकदा मी म्हणाले, "तू त्याला माफ केलंस. मन मोठं हाय तुझं." ती चिडली. "कुठलं माफ, सुमन? रोज प्रभूला म्हनते, मला माफ करायला शिकव. रोज न्हाई जमत. फकस्त हात उचलला न्हाई. त्याचाच लई थकवा येतो, माय..."

मार्थाबाईच्या मातीला दत्ता आला होता, दफनभूमीच्या कुंपणाबाहेर थांबला. दानियल बराच वेळ त्याच्याकडे बघत होता. मग खड्ड्याजवळून थोडा बाजूला सरकला, एका माणसापुरता. दत्ता आत आला, मूठभर माती टाकली आणि खाली मान घालून निघून गेला.

परवा संस्थेच्या सभेत एकजण मला नको ते बोलला. तरातरा उठले, तोंड उघडलं... आणि परत खाली बसले. देव माझा वेगळा. पण त्याला आधी विचारायचं, हे मी तिच्याकडून शिकले.