तुळसाबाईंची सही

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात मी राळेगावकडच्या एका खेड्यात ग्रामसेवक होतो. योजना दिल्लीत ठरायची आणि तिचे रकाने भरायला आम्ही. कंपोस्टचे खड्डे किती, कोंबड्या किती, साक्षर किती. दर तीन महिन्यांनी अहवाल. रकाना रिकामा दिसला की वरून खरमरीत पत्र यायचं, म्हणून मी तो रिकामा ठेवतच नसे.

गावात तुळसाबाई होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. गावातले जमीनदार बबनराव यांचं चार एकर रान त्या एकट्या मक्त्यानं, म्हणजे सालाचा खंड देऊन, वाहायच्या. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर घरातले देव त्यांनी आपल्या हातानं नाल्यात सोडले आणि तेव्हापासून कुणापुढे मान खाली घातली नाही. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात सगळ्यांत आधी त्याच येऊन बसायच्या.

नाव लिहिता आलं की माणूस साक्षर धरा, असं वरिष्ठांनी मला तोंडी सांगितलं होतं. मीही तेवढंच शिकवलं. दीड महिन्यात बत्तीस जण साक्षर! छाती फुगवून मी सांगितलं, "आता कुणी शाईच्या डबीला बोट लावायचं नाही." काय मूर्ख होतो मी!

साठ-एकसष्टची गोष्ट. नव्या कायद्यानं रान कसणाऱ्याच्या नावावर होणार होतं आणि तुळसाबाई त्या दिवसाकडे डोळे लावून बसल्या होत्या. एका दुपारी त्या माझ्याकडे आल्या आणि पदराची गाठ सोडून एक कागद पुढे केला.

"पाहा मास्तर, माही सही! बबनरावसंगं कचेरीत गेलती. दरसालचा मक्त्याचा कागद. बाबूनं शाईची डबी पुढं केली. म्या म्हटलं, अंगठा कायले? पेन दे."

सही सुरेख होती, 'ळ' तेवढा जरा कलंडलेला. मला अभिमान वाटला. मग वरचा मजकूर वाचला. 'मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, चार एकर जमिनीवरचा माझा कुळाचा हक्क सोडत आहे.'

"हे तुम्हाला वाचून नाही दाखवलं?"

"अंगठेवाल्याईलेच वाचून दाखवते थे. माह्या आंधी आपल्या गावचा गुलाबसिंग होता, त्याले दाखवलं, दोन साक्षीदार बसवून. मले बाबू म्हणे, तुमी तं शिकलेल्या बाई."

"मग तुम्ही काय केलंत?"

"म्या पाह्यलं ना कागदाकडं. वाचल्यावानी." त्या हसल्या आणि माझा चेहरा पाहून थांबल्या. "काहून मास्तर? काय लिवलं हाये?"

मी सांगितलं. त्या कागद उलटा करून मागची कोरी बाजू बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कचेरीत गेलो. तहसीलदारसाहेबांनी, आमचं विकासाचं कामही त्यांच्याच हाताखाली होतं, माझाच अहवाल माझ्यापुढे सरकवला. "बाई साक्षर आहेत. तुमच्या यादीत सातवं नाव."

"त्यांना फक्त सही येते, साहेब."

"म्हणजे अहवाल खोटा? तसं लेखी द्या, मग बघू."

मी हंगामी होतो. कायम होण्याचे माझे कागद याच साहेबांच्या टेबलावर पडले होते.

तुळसाबाई माझ्याकडे वळल्या. टेबलावरच्या डबीत त्यांनी अंगठा बुडवला आणि काळा अंगठा माझ्यापुढे धरला. "लिवून द्या मास्तर. मी अडाणी हाये म्हणा. काढा मले त्या यादीतून."

मी म्हणालो, "उद्या लिहून देतो."

मी लिहून दिलं नाही. त्या तिमाहीच्या अहवालात तुळसाबाई दोन ठिकाणी मोजल्या गेल्या, एकदा साक्षरांत आणि एकदा स्वखुशीनं जमीन सोडणाऱ्यांत. प्रगती समाधानकारक, असा वरून शेरा आला. दिवाळीनंतर त्या त्याच चार एकरांत बबनरावांचा कापूस मजुरीनं वेचताना दिसल्या. मी सायकलवरून उतरलो नाही. त्याच महिन्यात मी नोकरीत कायम झालो होतो.