न विचारता घेतलेलं वाक्य

वासंती गेल्याचं तिच्या भाचीने फोनवर सांगितलं तेव्हा मी डोंबिवलीच्या बाजारात मटार घेत उभी होते. "मावशी गेली हो, काकू..." एवढंच ती बोलू शकली. दुसऱ्या दिवशी पेपरात नाटककार, आमदार, राजदूत अशी ओळीने पदं छापून आली. माझ्या लेखी ती वरच्या मजल्यावरची, वेळीअवेळी चहाला येऊन डोकं खाणारी मैत्रीण होती.

तिची नाटकं आमच्या जिन्यातच जन्माला यायची. कोणाचं बोलणं कानावर पडलं की ती उचलायची. एकदा पोळ्या लाटताना मी वैतागून तिला बोलून गेले, "आमच्याकडे देवाला ताजी फुलं आणि मला शिळी पोळी!" पुढे ठाण्याला तिच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. नायिकेने तेच वाक्य म्हटलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारी माझ्या सासूबाई बसल्या होत्या. ते वाक्य कोणाच्या स्वयंपाकघरातलं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून शिळी पोळी त्या स्वतःच्या पानात घ्यायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वासंतीशी मी बोलणंच टाकलं.

ती चार वेळा दार वाजवून गेली. पाचव्यांदा सासूबाईंनीच उघडलं. "शैलाने मैत्रीण म्हणून सांगितलं, मी लेखिका म्हणून ऐकलं. चुकलं माझं," ती म्हणाली. "आत ये," सासूबाई म्हणाल्या, "पण पुढच्या वेळी विचारत जा." पुढे आम्ही बोलायला लागलो, हसायलाही लागलो. पण 'झालं गेलं, सोड' असं मी तिला कधी म्हटलं नाही. आहेच मी हट्टी.

तिने मात्र ते 'विचारत जा' फार मनावर घेतलं. निवडून आल्यावर कळव्यातल्या बायकांच्या पाण्याच्या तक्रारी ती सभागृहात त्यांच्याच शब्दांत मांडायची, पण आधी एकेकीला विचारून, "तुझं वाक्य घेऊ का गं?" एखादी नाही म्हणाली, तर वाक्य कितीही बिनतोड असो, सोडून द्यायची. राजदूत असताना परदेशात अडकलेल्या आपल्या कामगारांचे जबाब तिने तिथल्या मंत्र्यापुढे जसेच्या तसे ठेवले. "'आई वारली तरी पासपोर्ट दिला नाही', याला आणखी काय पॉलिश करू?" असं मला फोनवर म्हणाली होती. माणसं घरी परतली. मला तिचा केवढा अभिमान वाटला! तोही सांगायचा राहिला.

शेवटची भेटले ती हॉस्पिटलात. तिला बोलायला दम पुरत नव्हता. मी चिडूनच म्हटलं, "तू गेलीस तर मी अबोला कोणाशी धरू?" ती हसली, काहीतरी विचारायला तोंड उघडलं... तेवढ्यात नर्स आली, भेटीची वेळ संपली होती.

गेल्या आठवड्यात भाचीने तिची वही आणून दिली. पानोपानी लोकांची वाक्यं, बोलणाऱ्याचं नाव आणि पुढे 'हो' किंवा 'नाही'. शेवटच्या पानावर, थरथरत्या अक्षरात, माझं हॉस्पिटलातलं वाक्य. पुढे माझं नाव. त्यापुढची जागा कोरी.

चष्मा पुसला, पेन शोधलं आणि तिथे 'हो' लिहिलं. जरा मोठ्या अक्षरात.