पाच वार नत्थूजींचे, चार जागेश्वरचे

८ फेब्रुवारी १९८१, रविवार. सकाळी नऊपर्यंत गोळीबार चौकातल्या बालवीर क्रीडा मंडळाच्या खोलीत एकशे एक्कावन्न रुपये पन्नास पैसे जमा झाले होते. मंडळाला पंचवीस वर्षं झाली होती. त्यानिमित्त मंडळाच्या आजवरच्या कबड्डीतल्या सर्वांत मोठ्या चढाईपटूला एक शाल आणि ही रक्कम द्यायची होती. तो कोण, एवढंच ठरायचं होतं.

नावं दोनच होती आणि दोन्ही माणसं खोलीत हजर होती. खिडकीपाशी नत्थूजी नंदनवार, दाराशी जागेश्वर पराते, अडकित्त्यानं सुपारी कातरत. दोघंही कोष्टी, घरं पाठीला पाठ लागून. नत्थूजी पंधरा वर्षांपूर्वी कापडगिरणीत लागले. जागेश्वर अजून हातमागावरच होता.

नत्थूजींना तो मान हवा होता. त्यांनी तसं कोणाला सांगितलं नव्हतं. पण सकाळी पत्नी मैनाबाईंनी न मागता इस्त्रीचा सदरा काढून दिला, म्हणजे घरात कळलेलं होतं.

वामनरावांनी गुणांची वही उघडली. मंडळाचा एकही सामना त्यांनी लिहायचा सोडला नव्हता. "नत्थूजी, सहाशे चौदा. जागेश्वर, पाचशे अठ्ठ्याऐंशी. संपली बात."

"वहीले काय समजते गा?" रुपराव म्हणाले. हे जुने पकड करणारे. सरावात दोघांनाही त्यांनीच अंगावर घेतलेलं. "नत्थूजी म्हणजे सांड. तीन जण लोंबकळले तरी ओढत रेषेवर आणणार. माह्या खांद्याले विचारा. पण हा जागेश्वर हाती लागतच नव्हता. याची बंडी पकडली का हातात नुसती बंडीच."

"बंडीचे गुण मिळत नाहीत, रुपराव," वामनराव म्हणाले.

खोलीत हसू झालं. जागेश्वरही हसला आणि सुपारी त्यानं रुपरावांपुढे केली.

मग गोविंदा बोलला. तो नव्या पिढीतला, त्यानं दोघांनाही उतारवयातच खेळताना पाहिलेलं. "मोठा खेळाडू मोठ्या सामन्यात दिसते. सहासष्टच्या खाप्याच्या स्पर्धेत नत्थूजींनी तीन दिवसांत एकेचाळीस गुण घेतले. जागेश्वरभाऊ कुठं होते? तिथल्या पैलवानांचं नाव ऐकलं अन् ताप भरला."

जागेश्वर खाली मान घालून सुपारीच कातरत राहिला. नत्थूजींनी वाट पाहिली. तो काहीतरी बोलेल असं त्यांना वाटलं. पण पंधरा वर्षं तो असाच गप्प बसला होता.

ताप कोणालाच भरला नव्हता. खाप्याला जायच्या आदल्या दिवशी नत्थूजींच्या मागावर पाच वार विणलेलं लुगडं होतं, चार वार बाकी होते आणि सोमवारी ते सूत पुरवणाऱ्या शेठजींना द्यायचं होतं. मैनाबाई बाळंतीण, घरात दुसरा हात नाही. त्याच सामन्याला गिरणीचे साहेब खेळाडू निवडायला येणार होते. जागेश्वर मागच्या दारानं आला आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला.

"तू जाय. तुह्या घरी लेकरू झालं, तुले नोकरी पायजे. मी एकटाच हावो."

"अन् शेठजी?"

"आपण सांगितलंच नाही तर कसं समजते?"

लुगडं एकाच हाताचं असावं, असा शेठजींचा कायदा होता. हात बदलला की ठोक बदलते, वीण सैल-घट्ट होते आणि माल परत येतो. दोन हातांचं लुगडं देणाऱ्याला ते पुन्हा सूत देत नसत. म्हणून जागेश्वरनं ताप आल्याचं सांगितलं. नत्थूजींना त्या सामन्यातून नोकरी लागली. त्या पगारावर दोन मुली शिकल्या आणि घरावर कवेलूंच्या जागी पक्कं छत आलं. जागेश्वर मात्र आजही त्याच शेठजींचं सूत विणत होता आणि ते शेठजी, गणपतराव, मंडळाचे अध्यक्ष म्हणून समोर खुर्चीवर बसले होते.

बोललो तर जागेश्वरचं सूत जाईल. नाही बोललो तर त्याचं नाव जाईल. नत्थूजींनी जागेश्वरकडे पाहिलं. त्यानं अगदी थोडी मान हलवली, नको म्हणून.

नत्थूजी उभे राहिले.

"शेठजी, सहासष्टच्या संक्रांतीचं ते लुगडं माह्या एकट्याचं नव्हतं. शेवटचे चार वार जागेश्वरनं विणले. तो माह्या मागावर बसला म्हणून मी खाप्याले गेलो. चूक माही. त्याचं सूत बंद करू नका. वामनराव, ते एकेचाळीस गुण माह्या नावावरून काढा."

"कायले बोलून राहिला गा?" जागेश्वर हलक्या आवाजात म्हणाला. "बस ना."

गणपतरावांनी चष्मा काढून पुसला. "हे मले आता सांगून राहिले का तुम्ही? घडी उलगडली तवाच समजलं होतं. पाच वार सैल, चार वार घट्ट. घट्ट हात बरा होता, म्हणून ठेवून घेतलं. कोणाचा हात, तेवढं विचारलं नव्हतं." ते जागेश्वरकडे वळले. "सूत बंद करून मी काय करू? एवढा घट्ट हात आता मिळते कुठं?"

वामनरावांनी गुण काढायला नकार दिला. लिहिलेलं खोडायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. एकेचाळीस गुणांसमोर त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'जागेश्वर पराते मागावर'. मग हात वर करून मतं घेतली. जागेश्वर सोडून सात जणांत सहा हात त्याच्यासाठी वर गेले, त्यात नत्थूजींचा पहिला. सातवा गोविंदा. आकडे ते आकडे, असं तो म्हणाला, पण चहा सांगायला तोच उठला, आणि पहिला कप त्यानं जागेश्वरच्या हातात दिला.

घरी जाताना दोघं बरोबर निघाले. नत्थूजींना मान गेल्याचं वाईट वाटलं नाही असं नाही. पण पाऊल हलकं पडत होतं, आणि असा शेजारी आपल्याला मिळाला याचं त्यांना पुन्हा नवल वाटत होतं.

"त्या चार वारांची मजुरी तुले देल्लीच नाही मी," ते म्हणाले.

"राहू दे," जागेश्वर म्हणाला.

चार वारांची मजुरी तीन रुपये चाळीस पैसे. ती अजून द्यायची आहे.